कॅमेऱ्यात न मावणारं हवामान

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसाट हिमनदी समुद्राला मिळते. २८ मे २००८ रोजी तिच्या तोंडाचा अवाढव्य भाग तुटून पडला. हे तुटणं ७५ मिनिटं चाललं आणि समोरच्या कड्यावर तळ ठोकून बसलेल्या दोन तरुणांनी ते सगळं टिपलं. गेलेला बर्फ होता सुमारे ७.४ घन किलोमीटर. मुंबईकराने हा आकडा पालिकेच्या तलावांत मोजावा. तुळशी, विहारपासून भातसा, अप्पर वैतरणापर्यंत सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा होतो १४.४७ लाख दशलक्ष लिटर, म्हणजे जेमतेम दीड घन किलोमीटर. तेवढ्यावर आपण वर्ष काढतो. सव्वा तासात तुटलेला तो बर्फ वितळवला असता तर या शहराला साडेचार वर्षांहून थोडा जास्त काळ पुरला असता.

‘चेसिंग आइस’ या २०१२ च्या माहितीपटातलं हे दृश्य बघताना श्वास अडकतो. पुरावा म्हणून मात्र ते लंगडं आहे. समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीचं टोक तुटतच असतं, पृथ्वी तापत नसती तरी तुटलंच असतं. शिवाय वर्षानुवर्षं मागे हटणारी हीच हिमनदी २०१६ च्या सुमारास, समुद्राचं थोडं गार पाणी आत आल्यावर, काही काळ मंदावली आणि तिचं टोक पुन्हा जाडही झालं. मग काय, हवामान बदल थांबला?

या माहितीपटातला खरा पुरावा त्याच्या कंटाळवाण्या भागात आहे. जेम्स बालोग या छायाचित्रकाराने २००७ पासून ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का इथल्या खडकांवर आपोआप चालणारे कॅमेरे बसवले. सौर पॅनलवर चालायचं, उजेड असेपर्यंत ठरावीक वेळाने एकेक फोटो घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. सुरुवातीला त्यांची टायमरची यंत्रणाच बिघडत राहिली. पण पुढे जमलेले महिनोन्‌महिन्यांचे फोटो काही सेकंदांत पळवले तेव्हा बर्फाची कड मागे सरकताना दिसली, आणि तीही एकाच ठिकाणी नव्हे.

अडचणीचं मूळ इथेच आहे. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो, तर हवामानशास्त्र साधारण ३० वर्षांच्या सरासरीवर बोलतं. कॅमेऱ्याला प्रसंग दिसतो, सरासरी आणि शक्यता दिसत नाहीत. म्हणून या विषयावरचा माहितीपट बघताना मी आधी हे बघतो, की दिग्दर्शकाने ही दरी कशी ओलांडली आहे. एखादं मोजमाप हाताशी घेतलं आहे, की नुसतंच व्हायोलिन वाजवलं आहे?

व्हायोलिनचं उदाहरण म्हणजे २०१७ मधली उपाशी ध्रुवीय अस्वलाची चित्रफीत. कॅनडात टिपलेली ती क्लिप जगभर फिरली. नॅशनल जिओग्राफिकने तिच्यावर ‘हवामान बदल असा दिसतो’ अशा अर्थाची ओळ टाकली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी मान्य केलं की आपण जास्तच ठामपणे बोललो, हे एक अस्वल नेमकं कशामुळे उपाशी होतं ते सांगता येत नाही. समुद्रावरचा बर्फ घटल्याने अस्वलांची शिकार अवघड होते, हे खरंच आहे. ते कळतं मात्र अनेक वर्षं केलेल्या गणनेतून.

आपल्याकडचं अस्वल म्हणजे दरवर्षी पाणी तुंबणारं मुंबईतलं, जुलैतलं हिंदमाता. गुडघाभर पाण्यात उभा वार्ताहर, मागे बंद पडलेली टॅक्सी आणि ‘हवामान बदलाचा तडाखा’ ही पट्टी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम पाऊणशे. एकाच शहरात एवढा फरक! अशा एका दिवसावरून काहीच सिद्ध होत नाही. काही ठाम सांगायचं तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं संशोधन बघावं लागतं. मध्य भारताच्या पट्ट्यात, म्हणजे महाराष्ट्र-गुजरातपासून ओडिशापर्यंत, मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. कारण अरबी समुद्रात आहे: तिथून येणाऱ्या दमट वाऱ्यांचा लहरीपणा वाढला आहे आणि हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. पाऊस येतो तो असा सगळा एकदम. तो रस्त्यावर तुंबतो यात मात्र काँक्रीटचा, बुजवलेल्या नाल्यांचा आणि भरतीच्या वेळेचाही वाटा असतो. तो सगळा हवामान बदलाच्या खात्यावर टाकला की कंत्राटदार खूश!

अशा माहितीपटांतली आणखी एक नेहमीची लबाडी म्हणजे धुराडं. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, तो दिसतच नाही. वीज केंद्राच्या रुंद मनोऱ्यांतून निघणारा पांढरा, फुगीर लोट ही पाण्याची वाफ असते. पार्श्वसंगीत मात्र असं, की जणू विषच बाहेर पडतंय. मिथेनही अदृश्यच. पण तो ठरावीक अवरक्त (इन्फ्रारेड) किरण शोषतो, त्यामुळे खास कॅमेऱ्यातून त्याची गळती काळसर लाटांसारखी दिसते. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरात हवा पोहोचत नाही तिथे जिवाणू हाच वायू तयार करतात. वीस वर्षांचा हिशेब केला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. तिथे तो कॅमेरा घेऊन उभं राहिलं तर वाफेची गरज लागणार नाही.

आकडेच दाखवायचे तर अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी केलं तसं करावं. ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रूथ’ (२००६) मध्ये ते कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाचं टोक गाठायला चक्क यांत्रिक शिडीवर चढून वर जातात. मला ते दृश्य आजही आवडतं. त्याच माहितीपटात समुद्र २० फूट चढल्याचे नकाशे मात्र असे येतात, की ते उद्यावरच आलंय असं वाटावं. २००७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याचा मुख्य युक्तिवाद ढोबळमानाने बरोबर ठरवला, पण नऊ जागी बोट ठेवलं, त्यात ही एक होती. १९०१ ते २०१८ या काळात जगातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटरने वर आला. २००६ नंतरच्या बारा वर्षांत वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला. आपल्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. तिथे एखाद्याने वर्षभर कॅमेरा लावला तरी पडद्यावर हे काहीच दिसणार नाही.

उपायांवरचे माहितीपट त्याहून अवघड, आणि तिथे माझी तक्रार जास्त आहे. दिग्दर्शक डेमन गॅमो यांनी ‘२०४०’ (२०१९) या माहितीपटात स्वतःला एक नियम घालून घेतला: आज अस्तित्वात आहेत तेवढेच उपाय दाखवायचे. त्यात बांगलादेशातली घरं छतावरची वीज शेजाऱ्याला विकताना दिसतात. त्याउलट ‘प्लॅनेट ऑफ द ह्यूमन्स’ २०२० मध्ये यूट्यूबवर गाजला तो सौरऊर्जा फसवी आहे असं सांगत. पुरावा म्हणून दाखवलेलं पॅनल आठ टक्क्यांहून कमी उन्हाची वीज करणारं होतं आणि चित्रीकरण दहाएक वर्षं जुनं. तोवर बाजारातली पॅनलं वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती आणि किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या होत्या. या क्षेत्रात चित्रण आंब्यासारखं नासतं, म्हणून ते कोणत्या साली केलं हे पडद्यावर लिहायलाच हवं.

मुंबईत अडचण निराळीच आहे. इथले उपाय दिसतच नाहीत. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई हवामान कृती आराखड्यानुसार शहराच्या उत्सर्जनातला सुमारे ७० टक्के वाटा ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा आहे, आणि ती वीज बहुतांश कोळशाची. म्हणजे खलनायक भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसलाय. त्याचा क्लोजअप कसा घेणार?

हिंदमाताचंच बघा. दादर आणि परळमधला हा भाग बशीसारखा खोलगट आहे. जुन्या पर्जन्यवाहिन्या ओहोटी असताना ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बांधलेल्या. शहराच्या पर्जन्यवाहिन्या सुधारण्यासाठीच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ५० वर न्यायला सांगितलं. पण भरतीत समुद्रच पाणी घेत नाही, तेव्हा वाहिनी कितीही रुंद केली तरी काय उपयोग? म्हणून दादरचं प्रमोद महाजन उद्यान आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पंपांनी पाणी तिकडे ढकलायचं, ओहोटी लागली की सोडून द्यायचं. वरून बघाल तर मैदान. चित्रपटाला काही मिळायचं तर पंपघरात रात्रपाळी करणाऱ्याच्या शेजारी बसावं. त्याच्यासमोर भरतीचं वेळापत्रक, टाकीतली पातळी आणि पावसाचा ताशी आकडा असे तीनच आकडे असतात. भरतीच्या सहा तासांत टाकी भरली आणि पाऊस थांबला नाही, तर पुढचं पाणी पुन्हा हिंदमाताच्या रस्त्यावरच येतं.