बाटली पांढरी राहते तेव्हा

मुरगाव बंदरात संशोधन जहाज दिसलं की बरोबरचं कुणीतरी विचारतंच, 'हे महिना-महिना समुद्रात करतात काय? मासे मोजतात?' मासळीचा अभ्यास करणारी जहाजंही आहेत. पण दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची 'सिंधु साधना' किंवा पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची 'सागर कन्या' निघते, तेव्हा डेकवरचं सगळ्यांत चिकाटीचं काम असतं पाणी भरण्याचं.

जहाज ठरलेल्या 'स्टेशन'वर थांबतं आणि विंचवरून सीटीडी पाण्यात उतरतं. विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजणारी ही उपकरणं. भोवती गोलाकार मांडलेल्या लांबट बाटल्या, दोन्ही तोंडं उघडी. बंद रिकामी बाटली 3000 मीटरवर हवेच्या तीनशेपट दाबाने चेपूनच जाईल. सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने उतरायलाच पाऊण तासावर वेळ लागतो. वर येताना हव्या त्या खोलीला संगणकावरून एकेक बाटली बंद करायची.

डेकवर आल्यावर पहिला मान ऑक्सिजनच्या नमुन्याचा. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवून पाणी भरपूर ओसंडू द्यायचं, बुडबुडा एकही नको. मग मँगनीज क्लोराइड आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली. ही रीत हंगेरीच्या विंकलरने 1888 मध्ये दिली. मँगनीजचा पांढरा साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो साक्याला चिकटतो आणि साका तपकिरी होतो. नंतर आम्ल घातलं की ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटतं. ते थायोसल्फेटच्या द्रावणाने थेंबथेंब संपवत न्यायचं. शाळेतल्या स्टार्चचा निळा रंग गेला, की किती थेंब लागले त्यावरून हिशेब.

वरच्या पाण्याची बाटली गडद तपकिरी होते. अरबी समुद्राच्या मध्यभागातली 300 मीटरची बाटली पांढरीच राहते. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपला होता, तरी मी प्रयोगशाळेतून हललो नाही. आणि 3000 मीटरची? पुन्हा तपकिरी! खोल जाऊ तसा प्राणवायू संपत जातो, हा समज इथे मोडतो. तळाचं थंड पाणी दक्षिणेकडून ऑक्सिजन घेऊन येतं. मधल्या, साधारण 150 ते 1000 मीटरच्या थरात मात्र वरून पडणारे मेलेले सूक्ष्मजीव कुजत असतात आणि उत्तरेला जमीन आडवी असल्याने ताजं पाणी संथ येतं. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात. त्यातून नायट्रोजन सुटतो, थोडा नायट्रस ऑक्साइडही. हा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो.

म्हणून 'अरबी समुद्र मेला' असले मथळे मला पटत नाहीत. हा थर माणसाने निर्माण केलेला नाही. तो वाढतोय का, हे बाटल्याच सांगतील. पावसाळ्यात कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण असतं, खाली ऑक्सिजन संपत जातो. मासे मरून किनाऱ्याला लागले की 'दर्या कोपला' म्हणून मेसेज फिरतात. कोप कसला! सप्टेंबरात गोव्यातल्या कांदोळीसमोर तळालगतचं पाणी काढा. कधी कधी बाटली उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. नायट्रेटही संपलं, आता जिवाणू सल्फेटवर आलेत; त्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा हा वास.