तीन बॉलचं स्पायरोमीटर: बॉल किती चढले यापेक्षा किती वेळ टिकले ते पाहा

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाच्या सरावाचं मशीन, तुम्ही ठाण्यातल्या आमच्या दुकानातून घेतलंत. पेशंटच्या हातात देण्याआधी एवढं वाचा. सगळ्यात जास्त होणारी चूक आधी सांगतो: यात फुंकायचं नाही, ओढायचं. फुंकलं की बॉल जागचे हलत नाहीत आणि चांगलं मशीन खराब वाटतं.

फुप्फुसाला हवा ओढायला स्वतःचे स्नायू नाहीत. त्याच्या तळाशी श्वासपटल, म्हणजे स्नायूचा घुमटाकार पडदा, असतं. श्वास घेताना ते आवळून खाली सरकतं, शांत श्वासात एक-दोन सेंटिमीटर, खोल श्वासात कितीतरी जास्त. बरगड्याही वर-बाहेर जातात. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढावा तशी छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम १ मिलिमीटर पाऱ्याइतका उतरतो, आणि तेवढ्यावर हवा आत येते. शांत श्वास सोडताना जोर लागत नाही. ताणलेलं फुप्फुस आपोआप आकसतं.

शांत श्वासात सुमारे ५०० मिली हवा येते, त्यातली १५० श्वासनलिकांमध्येच राहते. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर टाके दुखतात, म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो. मग फुप्फुसाच्या खालच्या भागातले वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, मिटतात, कफ साचतो. ते उघडायला मोठा, सावकाश श्वासच लागतो.

बहुतेक मशीनवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. सेकंदाला किती मिली हवा ओढली जाते, ते हे आकडे सांगतात. फुप्फुसात एकूण किती गेली ते नाही. तिन्ही बॉल झटक्यात चढवून अर्ध्या सेकंदात सोडले, तर हवा गेली ६०० मिली. पहिला एकच बॉल तीन सेकंद धरला, तर १,८०० मिली. आमच्या मते पहिले काही दिवस तिसऱ्या बॉलच्या मागे लागूच नये.

पेशंटला पाठीला टेकू देऊन बसवा. आडवं असताना पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. मशीन सरळ धरा, तिरकं धरलं की बॉल कमी हवेतही चढतात. आधी श्वास सोडा, माउथपीस ओठांत घट्ट धरा, सावकाश ओढा. मग माउथपीस काढून तीन सेकंद श्वास रोखा आणि हळू सोडा. बॉल हलतच नसेल तर नळी सैल आहे का, नाकाने श्वास घेतला जातोय का, ते बघा.

जागेपणी साधारण तासाला दहा श्वास, मध्ये थांबत. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच. घाईने सलग केलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी थांबा, साधा श्वास घेऊ द्या. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरा, दुखणं कमी होतं.

अचानक छातीत एका बाजूला दुखून धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर मशीन बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.

माउथपीस रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर वाळत नाही, आणि आत ओल राहिली की बॉल चिकटतो. पूर्ण कोरडं करूनच जोडा. एक मशीन एकाच पेशंटला, शेजारी मागितलं तरी देऊ नका. नळी किंवा माउथपीस हरवलं तर तेवढंच सुटं मागा, सगळं मशीन नव्याने घ्यायची गरज नाही.