अग्रहक्क, पण कोणाच्या पुढे? प्रेफरन्स शेअर आणि डिबेंचर

वाणिज्य शाखेच्या मराठी पुस्तकांत प्रेफरन्स शेअरला ‘अग्रहक्क भाग’ म्हणतात आणि डिबेंचरला ‘कर्जरोखे’. दोन्ही नावं चोख आहेत. तरीही ‘दरवर्षी ८ टक्के व्याज देणारे शेअर’ हे वाक्य कानावर पडायचं थांबत नाही. प्रेफरन्स शेअरवर व्याज नसतं. त्यावर लाभांश असतो. निवृत्तीचे पैसे चुकीच्या कागदात अडकतात ते या एका शब्दाच्या अदलाबदलीमुळे, म्हणून त्याबाबत इतका आग्रह.

डिबेंचर म्हणजे कंपनीला दिलेलं कर्ज, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. हजार रुपये दर्शनी किमतीची एनसीडी (शेअरमध्ये न बदलणारं डिबेंचर), किमान दहा हजारांचा अर्ज, ठरलेला दर, ठरलेली मुदत. प्रेफरन्स शेअर वरवर अगदी तसाच दिसतो. टक्का दर्शनी किमतीवर लागतो, मुदत असते, कागद डिमॅटमध्ये येतो.

हे सारखेपण किती फसवं आहे ते दोन उदाहरणांत दिसतं. झी एंटरटेनमेंटने २०१४ मध्ये प्रत्येक शेअरमागे एक रुपयाचे २१ प्रेफरन्स शेअर बोनस दिले, दर ६ टक्के. एनटीपीसीने २०१५ मध्ये प्रत्येक शेअरमागे साडेबारा रुपयांचं एक डिबेंचर बोनस दिलं, दर ८.४९ टक्के. दोन्ही फुकट आले, दोन्हींची बाजारात नोंदणी झाली, दोन्हींची परतफेड हप्त्यांनी होती. डिमॅटच्या यादीत ते एकाखाली एक दिसत असतील तर फरक कळायला आयएसआयएन, म्हणजे त्या कागदाचा बारा अक्षरी ओळख क्रमांक, बघावा लागतो. त्यातलं आठवं आणि नववं अक्षर ०७ किंवा ०८ असेल तर ते कर्ज. झीच्या प्रेफरन्स शेअरच्या क्रमांकात तिथे ०४ होतं.

आता खरा फरक. एखाद्या वर्षी कंपनी तोट्यात गेली असं समजा. डिबेंचरचं व्याज हा खर्च आहे, नफा मोजण्याच्या आधी जाणारा. तोटा झाला तरी ते द्यावंच लागतं. नाही दिलं तर तो थकबाकीदारपणा होतो, आणि डिबेंचर ट्रस्टी, म्हणजे धारकांचं हित पाहायला नेमलेला विश्वस्त, सगळ्या धारकांच्या वतीने राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाकडे (एनसीएलटी) जाऊ शकतो. प्रेफरन्स शेअरचा लाभांश मात्र नफ्यातूनच द्यायचा असतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२३ प्रमाणे घसारा वजा करून त्या वर्षी उरलेला नफा, किंवा आधीच्या वर्षांचा न वाटलेला नफा, एवढ्यातूनच तो जाहीर करता येतो, आणि मागचा तोटा असेल तर आधी तो भरून काढावा लागतो. नफा नसेल तर संचालकांनी लाभांश जाहीर न करणं ही कायद्याने थकबाकी ठरत नाही. जे देणं अजून जन्मलंच नाही, ते बुडवलं असं म्हणता येत नाही.

मुद्दलाचंही तसंच आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कलम ५५ नुसार प्रेफरन्स शेअरची परतफेड दोनच झऱ्यांतून होऊ शकते: लाभांश देण्याजोगा नफा, किंवा त्यासाठी काढलेल्या नव्या शेअरचे पैसे. कंपनीच्या बँक खात्यात रोकड आहे पण वाटण्याजोगा नफा नाही, अशा स्थितीत मुदत संपली तरी ती रोकड तुम्हाला देता येत नाही. कागदावर छापलेल्या परतफेडीच्या तारखेचा अर्थ एवढाच.

‘पण ताळेबंदात तर तो कर्जाच्या बाजूला दिसतो!’ बरोबर. नव्या लेखा मानकांप्रमाणे ठरलेल्या मुदतीला फेडायचा प्रेफरन्स शेअर दायित्व म्हणून दाखवतात. तरी तो कायद्याने कर्ज होत नाही. मॅटिक्स फर्टिलायझर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं: प्रेफरन्स शेअर हे भांडवल आहे, त्याची मुदत टळली म्हणून धारक वित्तीय धनको, म्हणजे कर्ज देणारा, ठरत नाही, आणि दिवाळखोरीचा अर्ज त्याला करता येत नाही. तिथे प्रेफरन्स शेअर घेणारी स्वतः एक कंपनी होती, रक्कम २५० कोटींची होती. पाच लाखवाल्याने किती आशा धरावी हे त्यावरून ठरवा.

मग अग्रहक्क कसला? तो फक्त साध्या शेअरधारकाच्या पुढे आहे. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटण्याच्या आठ पायऱ्या आहेत. कामगारांची देणी आणि तारण असलेले धनको दुसऱ्या पायरीवर, विनातारण वित्तीय धनको चौथ्या, त्यांच्यामागे सरकार, मग उरलेली कर्जं, आणि प्रेफरन्स शेअर सातव्या. आठव्यावर साधे शेअर. बुडालेल्या कंपनीत बहुतेक वेळा वरच्या पायऱ्यांनाच पुरत नाही.

‘क्युम्युलेटिव्ह’ या शब्दावर लोक नको इतके विसंबतात. त्याचा अर्थ इतकाच की न दिलेला लाभांश साचत जातो आणि तो चुकता केल्याशिवाय साध्या शेअरधारकांना लाभांश देता येत नाही. साचलेल्या रकमेवर सहसा व्याज लागत नाही. १०० रुपयांवर ८ टक्के, तीन वर्षं काहीच नाही, तिसऱ्या वर्षाअखेर २४ रुपये: तेवढे दिवस तुमचे पैसे कंपनीने बिनव्याजी वापरले. दोन वर्षं लाभांश थकला की सर्व ठरावांवर मतदानाचा हक्क मिळतो, पण प्रवर्तकांकडे बहुमत असताना पाचशे शेअरच्या मताने घरखर्च चालत नाही.

कराबाबत जुने लेख वाचून ठरवू नका. १ एप्रिल २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी भरत असे आणि छोट्या गुंतवणूकदाराच्या हातात तो करमुक्त येई. तेव्हा प्रेफरन्स शेअरला थोडा अर्थ होता. आता लाभांश आणि व्याज दोन्हींवर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ८ टक्क्यांचे हातात साडेपाचच उरतात, कागद कोणताही असो. अमेरिकेतल्या प्रेफर्ड शेअरवरचे लेखही इथे लावू नका. तिथला २५ डॉलर दर्शनी किमतीचा, मुदत नसलेला कागद इथे साध्या कंपनीला काढताच येत नाही; आपल्याकडे, पायाभूत प्रकल्प सोडले तर, २० वर्षांत परतफेड ठरवावीच लागते.

विकत घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: या कंपनीने डिबेंचर का काढलं नाही? व्याज दिलं की कंपनीचा कर वाचतो, लाभांश दिला तर वाचत नाही. म्हणजे त्याच टक्क्याला प्रेफरन्स शेअर कंपनीला महाग पडतो. तरी तो काढला असेल तर अनेकदा बँकांनी आणखी कर्जाला मर्यादा घातलेली असते. कारण पटलं तरच पुढे जा. मग स्वतंत्र नफातोटा पत्रक उघडा, एकत्रित नव्हे. नफा उपकंपन्यांत असेल आणि मूळ कंपनीच्या स्वतःच्या पत्रकात तोटा साचला असेल, तर लाभांश देता येत नाही, समूह कितीही श्रीमंत असो. रेटिंगही त्या कागदाचं पाहा, कंपनीचं नव्हे.

त्याच कंपनीच्या एनसीडीपेक्षा किमान दोन टक्के जास्त मिळत नसतील, तर नियमित उत्पन्नासाठी प्रेफरन्स शेअर घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. सुरक्षित, तारण असलेली एनसीडी मिळत असताना सातव्या पायरीवर उभं राहायचं तर त्याचा मोबदला हवा. आणि एनसीडीसुद्धा विनातारण असू शकते, ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

हप्त्यांनी परतफेड होणाऱ्या कागदात आणखी एक चूक होते. झीच्या प्रेफरन्स शेअरची दर्शनी किंमत पुढे एकत्रीकरणाने (दहांचा एक करून) १० रुपये झाली आणि चौथ्या वर्षापासून दरवर्षी २० टक्के परत येत गेले: १० चे ८, मग ६, ४, २. बाजारभाव दोन रुपयांनी उतरला तो तोटा नव्हता, ते तुमच्या खात्यात आलेलं मुद्दल होतं. पण लाभांशही त्याबरोबर ६० पैशांवरून ४८, मग ३६ पैशांवर येतो. वर्षाचं उत्पन्न सुरुवातीच्या आकड्यावर धरलं असेल तर गणित चुकलं. परत आलेलं मुद्दल लगेच दुसरीकडे गुंतवायला हवं.

बाजारात या कागदांचे व्यवहार तुरळक असतात. मार्केट ऑर्डर टाकू नका, भाव ठरवून लिमिट ऑर्डरच टाका आणि थांबायची तयारी ठेवा.

शेवटी एक टपाल ओळखायला शिका. कंपनीला परतफेड किंवा लाभांश जमत नसेल, तर मूल्याने तीन चतुर्थांश धारकांची संमती आणि लवादाची मंजुरी घेऊन ती जुन्या शेअरच्या बदल्यात, थकलेल्या लाभांशासकट, नवे प्रेफरन्स शेअर देऊ शकते. त्यासाठी संमतीपत्र येतं. कायदा सांगतो की ज्यांनी संमती दिली नाही त्यांच्या शेअरची ताबडतोब परतफेड करण्याचा आदेश लवादाने मंजुरी देतानाच द्यायचा. आलेल्या कागदावर सवयीने सही करून पाठवली, तर हा हक्क तुम्ही स्वतःच सोडलेला असतो.