दोडक्याच्या शिरा नेमकं कोण खातं?

वाशीच्या एपीएमसीतून निघालेला फ्लॉवर ठाण्यात जांभळी नाक्यावर पोचतो तो दांड्यासकट, आणि आपण वजनाचे पैसे मोजतो तेही दांड्यासकट. घरी आल्यावर तुरे कढईत जातात आणि दांडा ओल्या कचऱ्याच्या डब्यात.

भाज्यांच्या साली, शिरा आणि दांड्यांतला चोथा (फायबर) पचवणारी एन्झाइम्स आपल्याकडे नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे आहेत. पण त्यांनाही सगळा चोथा सारखा नसतो. दुधीच्या, लाल भोपळ्याच्या सालीतलं पेक्टिन, म्हणजे पाण्यात विरघळणारा मऊ चोथा, ते जवळपास पूर्ण फस्त करतात. दोडक्याच्या शिरा किंवा फ्लॉवरच्या दांड्याचं जाड कवच यांत सेल्युलोज, म्हणजे न विरघळणारा कडक चोथा, जास्त. ते बरंचसं तसंच पुढे सरकतं, मळाला फुगवतं. कामाचं तेही आहे, पण जिवाणूंचं पोट त्यावर भरत नाही.

पेक्टिन आंबवून जिवाणू ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. चोथा मिळालाच नाही, तर काही जिवाणू त्याच अस्तरावरचा चिकट श्लेष्मा खायला लागतात; उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे.

दांड्याचं बाहेरचं कवच सुरीने सोलून काढा. आतला पांढरा गाभा 2-3 मिलिमीटरच्या चकत्या करून तुऱ्यांच्या पाच मिनिटं आधी कढईत टाका. उकडलंत तर पाणी फेकू नका, त्यात पेक्टिन उतरलेलं असतं, आमटीला वापरा.

चटणीसाठी दोन दोडक्यांच्या शिरा आडव्या, अगदी बारीक चिरा. लांब ठेवल्या की दातात दोरे अडकतात. चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईस्तोवर परता. मीठ शेवटी, आधी घातलं की पाणी सुटतं आणि शिरा चामट होतात. मग दोन चमचे भाजलेले तीळ, थोडं सुकं खोबरं, चार लसूण पाकळ्या, तिखट घालून जाडसर कुटा.

आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला 2000 कॅलरींच्या आहाराला सुमारे 30 ग्रॅम चोथ्याचा आहे. चमचाभर चटणीतून त्यातला जेमतेम एखादा ग्रॅम मिळेल. मोठा वाटा डाळी-कडधान्यं आणि भाकरीचाच. दुधीचा रस गाळून पिणारे तर नेमका चोथाच गाळणीत टाकून देतात.

चोथा एकदम वाढवलात तर पोट फुगतं, गॅस होतो, कारण आंबवताना वायूही तयार होतो. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा. आयबीएस (आतड्याचा एक दीर्घकालीन त्रास) असलेल्यांना कांदा-लसणीतल्या फ्रुक्टान्सचा, म्हणजे आतड्यात आंबणाऱ्या एका प्रकारच्या चोथ्याचा, त्रास जास्त होतो.

दुधी किंवा दोडका चिरण्याआधी एक कच्चा तुकडा जिभेला लावून थुंकून टाका. कडू लागला तर अख्खा फेका. त्यातलं कुकरबिटासिन हे कडू विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही, आणि त्याने उलट्या-जुलाब, क्वचित रक्तस्रावही होतो. हिरवी पडलेली बटाट्याची सालही डब्यातच जाऊ दे.