आवाज श्वास घेताना की सोडताना?

पॉमेरेनियन निवांत बसलेली असते. अचानक उठते, चारही पाय रोवून उभी राहते, मान पुढे ताणते, कोपरं बाहेर काढते आणि नाकाने घर्र-घर्र-घर्र अशी हवा ओढत राहते. तोंड मिटलेलं, डोळे विस्फारलेले. पंधरा-वीस सेकंदांत सगळं थांबतं आणि ती शेपूट हलवत खेळायला लागते. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला दोनच गोष्टी सुचतात: घशात काहीतरी अडकलं, नाहीतर दमा. आमच्या घरी हे पहिल्यांदा झालं तेव्हा मीही जबडा उघडून बोट घालायला धावलो होतो. तसं करू नका. खरंच काही अडकलेलं नसेल तर बोटामुळे घशाला इजा होते, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. दमा म्हणाल, तर तो मांजरांत दिसतो. कुत्र्यांत फारसा आढळत नाही.

हा प्रकार म्हणजे उलट शिंक. नाकाच्या पुढच्या भागात काही खुपलं की शरीर हवा जोरात बाहेर फेकतं, ती नेहमीची शिंक. पण खुपणारी गोष्ट नाकाच्या पार मागे, टाळूच्या वरच्या पोकळीत असेल, तर हवा बाहेर फेकून उपयोग नसतो. तिथला चिकटा मागे घशाकडे ओढून गिळून टाकणं सोपं, म्हणून शरीर हवा आत खेचतं. धूळ, अत्तराचा वास, घाईघाईने पाणी पिणं, आनंदाने उड्या मारणं, एवढंही निमित्त पुरतं. झटका थोडक्यात संपला आणि नंतर कुत्रं पूर्ण पूर्वीसारखं असेल, तर औषध लागत नाही. झटके वारंवार येऊ लागले, एकाच नाकपुडीतून स्राव किंवा रक्त आलं, तर मात्र नाक तपासून घ्यायला हवं. गवताचं कुसळ किंवा नाकात राहणारे माइट्स नावाचे बारीक किडे अशी कारणं तेव्हा निघतात.

आता दुसरा आवाज, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. कोरडा, भोंग्यासारखा, बदक ओरडावं तसा खोकला. यॉर्कशायर टेरियर, पॉमेरेनियन, चिवावा, टॉय पूडल यांच्यात तो जास्त ऐकू येतो. इथे दोष श्वासनलिकेत असतो. ही नळी कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते, पण कडी पूर्ण गोल नसतात. ती इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी असतात, आणि पाठीच्या कण्याकडची उघडी बाजू स्नायूच्या पातळ पडद्याने बंद केलेली असते. काही लहान जातींत कूर्चेतले पाणी धरून ठेवणारे घटक कमी होतात, कडी मऊ पडतात, ‘सी’ पसरट होतो आणि पडदा आत लोंबू लागतो.

नळी मऊ असली तरी ती सतत मिटत नाही, आणि सगळीकडे एकाच वेळी तर मुळीच मिटत नाही. का? कागदी स्ट्रॉ भिजल्यावर तिच्यातून जोरात ओढून पाहा. ती चपटी होते, कारण आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने ती दाबली. मानेतल्या श्वासनलिकेचं अगदी हेच होतं. श्वास घेताना छाती फुगते, नळीच्या आतला दाब उतरतो, मानेबाहेर वातावरणाचा दाब तसाच राहतो; नळी चिमटते. पण हीच नळी पुढे बरगड्यांच्या पिंजऱ्यात शिरते आणि तिथे गणित उलटतं. श्वास घेताना छातीतला दाब नळीतल्या दाबापेक्षाही खाली गेलेला असतो, त्यामुळे नळी उलट ताणून उघडी राहते. जोरात श्वास सोडताना किंवा खोकताना छातीतला दाब वाढतो आणि ती तिथे पिचकते. म्हणून आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, एवढ्यावरून बिघाड मानेत असावा की छातीत, याचा अंदाज बांधता येतो. याच कारणाने एखाद्या क्षणी काढलेला एक्स-रे निर्दोष दिसूनही आजार असू शकतो.

लहान कुत्र्यांनाच हे इतकं का जाणवतं, याचं उत्तर प्वाझय या फ्रेंच वैद्याच्या नियमात आहे. नळीचा रोध, म्हणजे हवेला होणारा अडथळा, त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या 10 मिमी असलेल्या नळीला आतून सगळीकडे 1 मिमी सूज आली, तर रोध साधारण दीडपट होतो. त्रिज्या 4 मिमी असेल तर तेवढ्याच सुजेने तो तिपटीहून अधिक. त्रिज्या निम्मी झाली की 16 पट. शिवाय हा नियम संथ प्रवाहाचा. हवा वेगाने भोवरे घेत जाते तेव्हा रोध याहूनही वाढतो. म्हणजे कुत्रं घाबरलं, जोरात ओढू लागलं, की आतला दाब आणखी उतरतो आणि मानेतली नळी आणखी मिटते. पडदा समोरच्या भिंतीला घासून खोकला येतो, खोकल्याने सूज, सुजेने पुन्हा खोकला. कुत्र्याला शांत करणं हा म्हणूनच खराखुरा उपचार आहे. वजन उतरवणं आणि गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घालणं, हेही तसंच.

माणसांचं खोकल्याचं औषध मात्र चुकूनही देऊ नका. काहींत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो, काहींत पॅरासिटामॉल. दोन्ही कुत्र्यांना घातक. आणि पग, फ्रेंच बुलडॉग यांच्या घोरण्याचे ‘किती गोड’ म्हणून फिरणारे व्हिडिओ पाहून मला वाईट वाटतं. अरुंद नाकपुड्या आणि जास्त लांब मऊ टाळू यांतून हवा ओढण्याची ती धडपड असते. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, त्यामुळे अशा कुत्र्याला उकाड्यात लवकर उष्माघात होतो. अंगाचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर जिवाला धोका.

हिरड्या निळसर, राखाडी किंवा पांढऱ्या दिसल्या, आवाज थांबतच नसेल, बसल्या जागी पोट आत-बाहेर ओढून श्वास घ्यावा लागत असेल, आडवं होता येत नसेल किंवा कुत्रं कोसळलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. वयस्क लहान कुत्र्यांत हृदयाची झडप गळू लागल्यानेही फुप्फुसात पाणी साचतं, आणि ते आवाजापेक्षा आकड्यात आधी दिसतं. गाढ झोपेत छाती वर-खाली झाली की एक, असे मिनिटभर मोजा. 30 पर्यंत ठीक. रोजच त्याहून जास्त भरत असेल तर डॉक्टरांना सांगा.

दवाखान्यात पोचेपर्यंत झटका बहुधा थांबलेला असतो. कुत्र्याला श्वासाचा त्रास न होता झटका चालू असेल, तर मोबाइलवर आवाजासकट व्हिडिओ घ्या. तोंड आणि छाती दोन्ही दिसतील असा घ्या, म्हणजे आवाज छाती फुगताना येतो की बसताना, हे डॉक्टरांना पाहता येईल.