ॲट्रॉसिटी वेगळी अन् कलम 196 वेगळं, घोळ करू नका

परवा सात रस्त्याजवळ चहा पिताना मित्र म्हणाला, आमच्या गाळ्याशेजारी पार्लरमध्ये अरुणाचलची एक पोरगी आहे, दोन पोरं रोज गाडी हळू करून "ए चिंकी, ए चायना" ओरडत जातात, त्यांच्यावर 153ए टाकता येतं का बे?

जुन्या दंड संहितेतलं (आयपीसी) 153ए आता राहिलंच नाही, 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आहे. वंश, धर्म, जात, भाषा असलं काही काढून गटागटांत तेढ लावली तर 3 वर्षांपर्यंत कैद, प्रार्थनास्थळात केलं तर 5. पण सगळी मेख त्या 'गटागटांत'मध्ये आहे. सुप्रीम कोर्टानं 1997 सालीच सांगितलंय, दुसऱ्या गटाचा संबंधच नसेल तर नुसतं एका समाजाला दुखावलं म्हणून हे लागत नाही. वर खटल्याला सरकारची मंजुरी पण लागते. म्हणजे या पोरांना हे बसवणं अवघडच.

ॲट्रॉसिटीचं, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखायच्या कायद्याचं, गणित उलटं, तिथं तेढबिढ कोण विचारत नाही, कोण कुणाला बोललं ते बघतात. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा, आरोपी त्यातला नको, अन् मुद्दाम केलेला अपमान चारचौघांत, बंद खोलीत नाही. शिक्षा 6 महिने ते 5 वर्षं. पोरगी अनुसूचित जमातीची असली तर हे लागू शकतं, गृह मंत्रालयानं 2012 मध्ये ईशान्येकडच्या लोकांसाठी राज्यांना तसं कळवलं पण होतं.

"पण तिचा जमातीचा दाखला तिकडचा की," मित्र म्हणाला. चालतो, मुंबई हायकोर्टानं 2023 मध्ये सांगितलंय की हे संरक्षण राज्याच्या हद्दीवर संपत नाही.

खरी पंचाईत ती जमातीतली नसली तर. मग बाईच्या विनयाचा अपमान केल्याचं न्याय संहितेचं कलम 79 वगैरे शोधत बसायचं, कारण वांशिक शिवीला आपल्याकडं स्वतंत्र कलमच नाही. दिल्लीत निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी मारहाणीनंतर मेला, त्यानंतर 2014 मध्ये केंद्रानं नेमलेल्या बेझबरुआ समितीनं तसं कलम सुचवलं होतं, एवढी नवी संहिता लिहिली तरी त्यात ते आलं नाही, मला तर ही सरळ टाळाटाळ वाटते.

मित्राला म्हणलं, आधी तिला विचार तक्रार करायची का, अन् ओरडताना आजूबाजूला कोण असतं?

"समोरचा पानवाला असतो की रोज."

"मग त्याला विचारून ये, पोलिसांसमोर बोलणार का."

मित्र गप्प बसून चहा ढवळायला लागला.