पार्श्वभूमी : बंगालच्या जप्त होड्या आणि 1943 चा दुष्काळ

बंगालच्या 1943 च्या दुष्काळाचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा लंडनला जाऊन पोहोचते. धान्यासाठी जहाजं का दिली नाहीत, ऑस्ट्रेलियाचा गहू बंगालकडे का वळवला नाही, हे प्रश्न रास्तच आहेत. पण खेड्यातल्या माणसाच्या पोटावर युद्धाचा पाय त्याआधी वर्षभर पडला होता, आणि तो निर्णय इथेच, हिंदुस्थानात बसून अमलात आणला गेला.

मार्च 1942 मध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि जपानी सैन्य बंगालच्या किनाऱ्यावर उतरणार, अशी धास्ती सरकारला बसली. शत्रूच्या हाती काहीच लागू नये म्हणून किनारपट्टीच्या जिल्ह्यांत ‘डिनायल’ धोरण लागू झालं. त्याचे भाग दोन. शिलकीचा तांदूळ उचलायचा, आणि दहा किंवा जास्त माणसं बसतील अशी प्रत्येक होडी ताब्यात घ्यायची किंवा त्या भागातून हलवायची. नोंदलेल्या सुमारे 66 हजार होड्यांपैकी 46 हजारांच्या आसपास होड्या अशा गेल्या. त्यातल्या पुष्कळ देखभालीअभावी जागच्या जागी कुजल्या.

पूर्व बंगालचा त्रिभुज प्रदेश ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना यातलं नुकसान चटकन कळणार नाही. तिथे रस्ता म्हणजे नदी. घर एका तीरावर आणि शेत नदीतल्या चरावर, म्हणजे गाळाच्या बेटावर, अशी कितीतरी कुटुंबं होती. होडी गेली की पेरणी गेली. कोळ्यांना नदीच्या मुखापर्यंत जाता येईना. हाटात धान घेऊन येणारा छोटा व्यापारी येईनासा झाला. मालकांना भरपाई मिळाली, पण दुसऱ्याची होडी भाड्याने चालवणाऱ्या ‘माझी’ला, म्हणजे नावाड्याला, ती कोण देणार?

या धोरणाचा बचाव आजही एकाच मुद्द्यावर होतो: सरकारने उचललेला तांदूळ प्रांताच्या एकूण पिकाच्या मानाने नगण्य होता. टनांत मोजलं तर ते खरं आहे. पण टनांत मोजणंच इथे चुकीचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं की 1943 मधला धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम 5 टक्क्यांनी कमी होता. ही आकडेवारी पुढे अनेकांनी खोडून काढायचा प्रयत्न केला. मात्र सर्वाधिक देशोधडीला कोण लागलं, याबद्दल त्याच अभ्यासाने दिलेलं उत्तर लक्षात घ्यावं: शेतमजूर, कोळी आणि वाहतुकीवर पोट असणारे लोक. म्हणजे ज्यांच्या हातून होडी गेली, तेही त्यात आलेच.

ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, भातावर रोग पडला. डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर बॉम्ब पडले आणि कामगार शहर सोडतील या भीतीने कारखाने, रेल्वे, गोदी, सरकारी कचेऱ्या यांना धान्यात अग्रक्रम मिळाला. युद्धाला उपयोगी माणसांना स्वस्त तांदूळ आणि उरलेल्यांना खुला बाजार, अशी ही वाटणी होती. मार्च 1943 मध्ये भावांवरचं नियंत्रणही उठवलं. 1942 च्या अखेरीस मणाला 13-14 रुपये असलेला तांदूळ मे महिन्यात 30 रुपयांवर गेला. मजुरी काही दुपटीने वाढली नव्हती.

त्या पावसाळ्यात खेड्यांतली माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर आली. ती दारोदार ‘फॅन दाओ’ म्हणत फिरत. भात मागायची हिंमत उरली नव्हती. वरची पेज तरी द्या, एवढंच मागणं. ऑगस्टमध्ये शहरातल्या एका इंग्रजी दैनिकाने रस्त्यावरच्या प्रेतांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला कळलं. सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केला नाही तो नाहीच.

आपल्याकडची तुलना टाळता येत नाही. मुंबई इलाखाही धान्याच्या तुटीचाच होता, पण मुंबई शहरात मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झालं आणि श्रीमंत-गरीब सगळ्यांच्या हाती कार्ड आलं. कलकत्त्यात ते यायला जानेवारी 1944 ची अखेर उजाडली, आणि बंगालची खेडी तेव्हाही त्याच्या बाहेरच राहिली.

चौकशी आयोगाने 1945 मध्ये मृतांचा आकडा 15 लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो 30 लाखांपर्यंत नेला. यातले पुष्कळ मृत्यू 1943 च्या अखेरीस भाताचं चांगलं पीक हाती आल्यानंतरचे आहेत. उपासाने खंगलेल्या अंगांना मलेरियाने गाठलं, आणि क्विनाइन मिळेना. जगातलं बहुतेक क्विनाइन जावा बेटावरून येत असे, आणि जावा 1942 मध्येच जपानच्या ताब्यात गेलं होतं.